परग्रहावरचे आजोबा

सिरियल जोरात चालू आहे, टीआरपी मस्त आहे आणि अचानक हिरोच सोडून जातो. अशा वेळी आपल्याकडे काय करतात हे संध्याकाळी आजीसोबत टीव्हीसमोर बसणाऱ्या कुणालाही विचारा. गाडी दरीत कोसळते, हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरी होते, तोंडावरच्या पट्ट्या सुटतात आणि आतून भलताच माणूस निघतो. कधी कधी तर तेवढेही कष्ट घेत नाहीत. स्क्रीनच्या खालून एक पट्टी सरकते, की आजपासून ही भूमिका अमुक करतील. आजी दोन दिवस कुरकुरते आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच जावई म्हणून पदरात घेते.

लंडनमध्ये १९६६ साली बीबीसीतले काही लोक याच प्रॉब्लेमवर डोकं खाजवत होते. त्यांची शनिवारची सिरियल पोरांमध्ये तुफान लोकप्रिय होती, आणि हिरो आजारी होता. दरी, गाडी, सर्जरी काहीच चालण्यासारखं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की अरे, आपला हिरो माणूस थोडाच आहे? तो दिसतो माणसासारखा, पण आहे परग्रहावरचा. त्याच्या जमातीत शरीर थकलं की ते बदलत असेल. कोण नाही म्हणणार?

कुणीच म्हणालं नाही. ती सिरियल म्हणजे ‘डॉक्टर हू’. माणसासारखी दिसणारी ती जमात पुढे ‘टाइम लॉर्ड’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मला ही सिरियल सेकंड इयरला, हॉस्टेलवर, एका सीनिअरच्या हार्ड डिस्कमधून मिळाली. सुरुवात अर्थातच डेव्हिड टेनंटपासून. ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातला तो पांढऱ्या केसांचा पहिला डॉक्टर मी दोन वर्षं टाळला. कोण बघणार ते जुनं, असं वाटायचं. नंतर एका सुट्टीत पाहिला आणि सिरियल बाजूला राहून त्या म्हाताऱ्याच्याच मागे लागले. ही त्याची गोष्ट.

विल्यम हेन्री हार्टनेल. जन्म ८ जानेवारी १९०८, लंडनचा सेंट पॅन्क्रस भाग. आईचं नाव ल्यूसी. वडिलांचं नाव माहीत नाही. आई अविवाहित होती आणि १९०८ च्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट आयुष्यभर लपवण्याची होती. बिलीने ती लपवलीच. पुढे नट म्हणून नाव झाल्यावर मुलाखतींमध्ये त्याचे वडील कधी शेतकरी असत, तर कधी शेअर दलाल. खरे वडील कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लहानपणी काही काळ तो दुसऱ्या बाईकडे वाढला. सुट्टीत डेव्हनमधल्या आजोळच्या शेतावर जायचा, तिथे घोड्यावर बसायला शिकला. बाकी शाळेशी फारसं पटलं नाही. भुरट्या चोऱ्यांपर्यंत मजल गेली.

त्याला वाचवलं एका बॉक्सिंग क्लबने. म्हणजे बॉक्सिंगने नव्हे, तिथे भेटलेल्या ह्यू ब्लेकर नावाच्या माणसाने. ब्लेकर चित्रांचा संग्राहक होता. पहिल्या महायुद्धाच्या आधी ‘आयलवर्थ मोनालिसा’ म्हणून गाजलेलं चित्र ज्याने शोधून काढलं, तोच हा. जुन्या अडगळीतून मोलाची वस्तू ओळखायची नजर त्याला होती असं म्हणायला हरकत नाही. त्याने बिलीला जवळजवळ मुलासारखं सांभाळलं. आधी त्याला जॉकी करायचं ठरलं होतं, पण ते काही जमलं नाही. मग इटालिया काँटी या नाट्यशाळेत घातलं. तिथून बिली फ्रँक बेन्सन यांच्या शेक्सपिअर करणाऱ्या फिरत्या नाटक कंपनीत शिरला, साधारण १९२५ च्या सुमारास. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी गावोगाव मुक्काम टाकत होती तोच हा काळ. काम तसंच, म्हणजे सामान हलवा, पडद्यामागे धावा आणि मध्येच भाला घेऊन उभे राहा.

१९२९ मध्ये त्याने हेदर मॅकिन्टायर या नटीशी लग्न केलं. एक मुलगी झाली. नाटकात आणि सिनेमात छोटी कामं मिळत राहिली, बहुतेक विनोदी. मग युद्ध आलं. हार्टनेल रणगाडा दलात भरती झाला आणि तिथे त्याची मानसिक अवस्था इतकी ढासळली, की सैन्याने त्याला परत पाठवलं. याच सुमारास, १९४२ मध्ये, नोएल कॉवर्ड यांच्या ‘इन विच वी सर्व्ह’ या सिनेमात त्याला काम मिळालं होतं. पहिल्याच दिवशी साहेब सेटवर उशिरा पोहोचले. कॉवर्ड यांनी सगळ्यांसमोर झापलं, युनिटमधल्या प्रत्येकाची माफी मागायला लावली आणि मग काढून टाकलं. त्याची भूमिका सिनेमाच्या असिस्टंट डिरेक्टरने केली. पुढे ज्याची भूमिका एकामागून एक नटांनी घेतली, त्या माणसाचा बदली होण्याचा हा पहिला अनुभव.

१९४४ च्या ‘द वे अहेड’मध्ये तो सार्जंट झाला आणि लोकांना तो कडक, खेकसणारा चेहरा आवडला. झालं, शिक्का बसला. त्यानंतरची वीस वर्षं तो एक तर सार्जंट होता, नाहीतर गुंड. ‘ब्रायटन रॉक’मध्ये गुंड. १९५८ मध्ये ‘कॅरी ऑन’ मालिकेतल्या पहिल्या सिनेमात परत सार्जंट. ‘द आर्मी गेम’ या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत सार्जंट मेजर. आपल्याकडे इफ्तेखार यांना पडद्यावर पाहिलं की हे इन्स्पेक्टर असणार हे जसं आधीच कळायचं, तसंच हे. पैसे मिळत होते, लोक ओळखत होते, पण तो आतून कंटाळला होता.

इथपर्यंत मी त्याला अरेतुरे केलं. पण १९६३ उजाडलं तेव्हा हार्टनेल पंचावन्न वर्षांचे होते, नातवंडांचे आजोबा झाले होते. इथून पुढे अहोजाहोच करू.

त्या वर्षी बीबीसीला शनिवारी संध्याकाळी खेळांचे निकाल आणि पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम यांच्या मधली जागा भरायची होती. ड्रामा विभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, मूळचे कॅनडाचे. त्यांना मुलांसाठी विज्ञानकथा हवी होती आणि त्यातून थोडा इतिहासही शिकवला जायला हवा होता. एकच अट होती, की बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. निर्माती म्हणून त्यांनी व्हेरिटी लँबर्टला घेतलं. वय सत्तावीस. बीबीसीच्या ड्रामा विभागात तेव्हा ती सर्वांत तरुण निर्माती होती आणि एकमेव बाई. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, वय चोवीस. जन्म लखनौचा. त्याची आई म्हणजे लेखिका अत्तिया हुसेन, फाळणीच्या आधीच्या लखनौवर लिहिलेल्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा एक लखनौचा मुलगा बीबीसीच्या स्टुडिओत ‘अॅक्शन’ म्हणत होता हे वाचून मला दिवसभर उगाचच भारी वाटत राहिलं.

आता प्रश्न असा होता, की परग्रहावरचा माणूस दाखवायचा कसा? टीव्हीचं बजेट म्हणजे आपल्या एकांकिका स्पर्धेच्या ग्रुपचं बजेट. परग्रहवासी म्हणजे नटाच्या डोक्यावर चिकटवलेलं काहीतरी. याच सिरियलमध्ये १९६४ ला ‘सेन्सोराइट’ नावाची जमात आली. मोठ्ठी टकली डोकी, वरच्या दिशेने वाढणाऱ्या दाढ्या आणि पावलांच्या जागी गोल चकत्या. त्यांना म्हणे एकमेकांचे चेहरे ओळखता येत नसत, कोण कुठल्या हुद्द्याचा हे अंगावरच्या पट्ट्यावरून कळे. कल्पना फार छान, पण चालताना ते आत्ता एकमेकांच्या पायांवर पाय देऊन पडतील असं सारखं वाटत राहतं.

डॉक्टरला मात्र चकत्या नाहीत, अँटेना नाही, हिरवा रंग नाही. फक्त पांढऱ्या लांब केसांचा टोप, जुन्या वळणाचा लांब कोट, चौकटीची पँट आणि बोटात एक मोठी अंगठी. म्हणजे मेकअपचा खर्च जवळपास शून्य. परकेपण सगळं नटाने वागण्यातून आणायचं होतं. लँबर्ट यांनी ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ या सिनेमात हार्टनेल यांना पाहिलं होतं. रग्बीच्या मैदानावर तरुण खेळाडू शोधत फिरणारा एक थकलेला, बापुडवाणा म्हातारा त्यांनी त्यात केला होता. सार्जंटच्या आत हाही माणूस आहे, हे त्या मुलीच्या लक्षात आलं. हार्टनेल यांचे एजंट म्हणजे त्यांचेच जावई. मुलांच्या सिरियलसाठी विचारलंय म्हटल्यावर सासरे भडकतील अशी जावईबापूंना धास्ती होती. सुरुवातीला ते राजी नव्हतेच. लँबर्ट आणि हुसेन यांनी त्यांना जेवायला नेलं, समजावलं आणि पटवलं.

या जेवणाचा विचार केला की गंमतही वाटते आणि थोडं अवघडल्यासारखंही होतं. टेबलाच्या एका बाजूला जुन्या इंग्लंडमधला, जुन्या मतांचा माणूस. दुसऱ्या बाजूला एक तरुण ज्यू बाई आणि एक भारतीय मुलगा, म्हणजे त्याचे होणारे दोन बॉस. हार्टनेल यांची परदेशी लोकांबद्दल, वंशाबद्दल मतं कडवट होती, हे त्यांच्यासोबत काम केलेल्या बऱ्याच जणांनी पुढे सांगितलंय. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आवडता नट आहे म्हणून त्याची सगळी मतं आवडून घ्यायची गरज नसते. पण हेही खरं, की या दोघांवर त्यांचा विश्वास बसला आणि लँबर्ट यांच्यावर तर त्यांची पुढे मायाच जडली.

पहिला भाग सप्टेंबर १९६३ मध्ये रेकॉर्ड झाला आणि तो फसला. यानाची दारं नीट लागेनात आणि डॉक्टर इतका तुसडा होता, की न्यूमन यांनी तो पुन्हा करायला लावला. दुसऱ्या खेपेला हार्टनेल यांनी त्यात किंचित मिश्किलपणा घातला. गोष्ट साधी आहे. सूझन नावाची शाळकरी मुलगी गणित-विज्ञानात भलतीच हुशार, पण रोजच्या साध्या गोष्टी तिला माहीत नसतात. दोन शिक्षक तिचा पाठलाग करत एका भंगारच्या गोदामात पोहोचतात. तिथे पोलिसांची निळी फोनपेटी उभी असते आणि एक म्हातारा त्यांना आत जाऊ देत नाही. आत शिरल्यावर ती पेटी अवाढव्य निघते. आजोबा आणि नात आपल्या ग्रहापासून तुटलेले, परत न जाऊ शकणारे. कुठला ग्रह? सांगितलं नाही. कुठली जमात? तेही नाही. लिहिणाऱ्यांनाच तेव्हा माहीत नव्हतं.

भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ ला, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. सगळं जग बातम्यांना चिकटलेलं असताना म्हातारा आणि निळी पेटी कोण बघणार? तरी ४४ लाख लोकांनी पाहिला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला परत लावावा लागला. मग डिसेंबरमध्ये आले डालेक, ते मिठाच्या डबीसारखे दिसणारे, चिरक्या आवाजाचे. न्यूमन संतापले, कारण हे तर नेमके तेच राक्षस जे त्यांना नको होते. पण प्रेक्षकसंख्या एका कोटीच्या घरात गेली आणि त्यांचा राग मावळला.

सुरुवातीचा डॉक्टर आजच्या डॉक्टरसारखा गोड अजिबात नाही. पहिल्याच कथेत, अश्मयुगात, एक जखमी माणूस पळताना अडचण होतोय म्हटल्यावर तो हातात धारदार दगड उचलतो. शिक्षक त्याचा हात धरतो म्हणून बरं. मला हा सीन फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यासारखा दिसतो म्हणून तो आपल्यासारखाच असेल असं नाही, हे तिथे कुठल्याही मेकअपशिवाय कळतं. आणि मग भागामागून भाग, त्या दोन साध्या शिक्षकांच्या सहवासात तो माणसाळत जातो. १९६४ च्या डिसेंबरात नात एका पृथ्वीवरच्या मुलाच्या प्रेमात पडते, पण आजोबांना सोडून राहायला तयार होत नाही. तेव्हा तो स्वतःच आतून यानाचं दार बंद करतो आणि निघून जातो. हार्टनेल यांच्या चेहऱ्यावर त्या मिनिटाला जे काही चाललंय ते बघा. वीस वर्षं या माणसाकडून नुसती परेड करून घेतली, याचं खरंच वाईट वाटतं.

ही भूमिका त्यांनी मनाला लावून घेतली होती. यानातल्या कंट्रोल पॅनलवरचं कुठलं बटण कशाचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. दार उघडायचं बटण आज एक आणि उद्या दुसरं असं त्यांना चालत नसे. पोरांच्या लक्षात येतं, असं त्यांचं म्हणणं. जत्रांच्या, मेळाव्यांच्या उद्घाटनाला ते डॉक्टरचाच कोट घालून जात. गावातल्या मुलांचं लेंढार त्यांच्या मागून फिरायचं. ज्याला स्वतःचा बाप माहीत नव्हता, तो अख्ख्या देशाच्या पोरांचा आजोबा झाला होता. म्हणूनच १९६५ मध्ये डालेकवर सिनेमा निघाला आणि त्यात डॉक्टर म्हणून पीटर कुशिंग यांना घेतलं, तेव्हा त्यांना ते फार लागलं. त्या सिनेमात तर डॉक्टर परग्रहावरचाही नव्हता, साधा संशोधक आजोबा होता.

आता कामाची पद्धत बघा. वर्षातून चाळीसच्या आसपास भाग. आठवडाभर तालीम, मग एका संध्याकाळी सलग रेकॉर्डिंग. व्हिडिओ टेप कापणं महाग, त्यामुळे रीटेक जवळपास नाहीच. चुकलात तर सावरा आणि पुढे चला. आपण रील करताना तीस सेकंदांसाठी बावीस टेक घेतो, म्हणून सांगते. हार्टनेल चुकायला लागले होते. एका भागात ते अंतराळासाठी ‘स्पेस’ म्हणायच्या ऐवजी ‘स्पेन’ म्हणून गेले आणि तिथल्या तिथे सावरले. इंटरनेटवर अशा चुकांचे व्हिडिओ आहेत, त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग आहे. मीही हसले होते. शिक्षकाचं आडनाव डॉक्टर दरवेळी चुकवतो, यातला बराचसा भाग तर मुद्दाम लिहिलेला होता. पण कुठली चूक लिहिलेली आणि कुठली खरी, हे हळूहळू कळेनासं झालं.

त्यांना आर्टिरिओस्क्लेरॉसिस झाला होता. म्हणजे रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होत जाणं. मेंदूला रक्त कमी पोहोचू लागलं की माणूस विसरू लागतो, चिडचिडा होतो. संवाद पाठ होईनात. ते सेटवर भडकू लागले. १९६५ मध्ये लँबर्ट सोडून गेल्या. सुरुवातीचे सहकलाकार एकेक करून गेले. पहिल्या दिवसापासूनचे असे फक्त तेच उरले. नवे निर्माते जॉन वाइल्स यांच्याशी त्यांचं अजिबात जमेना. १९६६ च्या एका कथेत डॉक्टर अदृश्य होतो. वाइल्स यांचा बेत असा होता, की तो परत दिसू लागेल तेव्हा नट दुसराच असेल. वरून परवानगी मिळाली नाही. हार्टनेल यांचा करार वाढला आणि वाइल्सच गेले.

पण त्यामुळे आजार थोडाच थांबणार होता? पुढचे निर्माते इनेस लॉइड यांनी शेवटी त्यांना थांबायला राजी केलं. शेवटची कथा होती ‘द टेन्थ प्लॅनेट’. इथे टीव्हीच्या इतिहासातला एक विलक्षण योगायोग आहे. याच कथेत ‘सायबरमेन’ ही नवी जमात पहिल्यांदा आली. ती सुचली किट पेडलर यांना, जे डोळ्यांच्या विकारांवर काम करणारे वैद्यकीय संशोधक होते. पृथ्वीच्या जुळ्या ग्रहावरची ही मूळची माणसंच. अवयव निकामी होत गेले तसे त्यांनी एकेक करून यंत्राचे बसवले आणि शेवटी भावनाही काढून टाकल्या. त्या पहिल्या सायबरमेनच्या तोंडावर कापडाचा मुखवटा आहे, छातीवर मोठी पेटी आहे, पण हात मात्र उघडे, साध्या माणसाचे. नंतरच्या चकचकीत सायबरमेनपेक्षा हे मला जास्त भीतीदायक वाटतात. मरण टाळण्याचे दोन मार्ग एकाच गोष्टीत समोरासमोर होते. एकीकडे झिजलेला प्रत्येक भाग बदलून माणूसपण गमावलेली जमात, आणि दुसरीकडे जमिनीवर कोसळणारा म्हातारा.

या कथेच्या तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल खरोखरच आजारी पडले. मग डॉक्टर बेशुद्ध पडतो असं ऐन वेळी लिहिलं आणि पाठमोरा दुसराच माणूस आडवा दाखवला. चौथा भाग ८ ऑक्टोबर १९६६ ला रेकॉर्ड झाला. हे शरीर आता विरत चाललंय अशा अर्थाचं काहीतरी डॉक्टर बोलतो, कसाबसा यानात पोहोचतो आणि पडतो. स्टुडिओतल्या मिक्सिंग डेस्कमध्ये एक बिघाड होता, त्याचाच वापर करून शर्ली कावर्ड या व्हिजन मिक्सरने पडद्यावर लख्ख प्रकाश आणला. त्या प्रकाशात हार्टनेल यांचा चेहरा विरघळला आणि तिथे पॅट्रिक ट्राउटन यांचा आला. बारा वर्षांनी लहान, काळ्या केसांचा, अगदी वेगळा नट. २९ ऑक्टोबरला हे घराघरांत दिसलं. का झालं, कसं झालं याचा खुलासा त्या भागात नाहीच.

खुलासे नंतर येत गेले. १९६९ मध्ये पहिल्यांदा ‘टाइम लॉर्ड’ हे नाव उच्चारलं गेलं. १९७० मध्ये कळलं की डॉक्टरला दोन हृदयं आहेत. पुढे ग्रहाला गॅलिफ्रे हे नाव मिळालं. या कायापालटासाठी ‘रीजनरेशन’ हा शब्द तर १९७४ मध्ये आला, आणि तो जास्तीत जास्त बारा वेळा होतो हा नियम १९७६ मध्ये. म्हणजे आज फॅन लोक ज्या जीवशास्त्रावर रात्र रात्र भांडतात, ते सगळं एका नटाच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांवर नंतर चढवलेलं मजल्यावर मजल्याचं बांधकाम आहे.

हार्टनेल यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र प्रकाश-बिकाश काही झाला नाही. त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी ‘पुस इन बूट्स’ या मुलांच्या नाटकात काम केलं, मग टीव्हीवर एखाद-दुसरी भूमिका, मग तेही बंद. १९७२ च्या अखेरीस ‘डॉक्टर हू’ला दहावं वर्ष लागलं होतं आणि बीबीसीने ‘द थ्री डॉक्टर्स’ करायचं ठरवलं, तिन्ही नट एकत्र. विचारल्यावर हार्टनेल आनंदाने हो म्हणाले. नंतर त्यांच्या पत्नीने निर्मात्यांना खरी परिस्थिती सांगितली. त्यांना संवाद लक्षात राहणार नव्हते, फार वेळ उभंही राहता येणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर पत्ता कट झाला असता. इथे स्क्रिप्टच बदललं. पहिला डॉक्टर काळाच्या भोवऱ्यात अडकलाय आणि फक्त यानाच्या पडद्यावरून बोलू शकतो, असं लिहिलं. त्यांना खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांतले कार्ड धरले आणि ते वाचत गेले. दोन्ही तरुण डॉक्टरांना ते ज्या तुसडेपणाने झापतात, त्यात काहीही कमी झालेलं नाही. तोच त्यांचा शेवटचा अभिनय.

२३ एप्रिल १९७५ ला केंटमध्ये ते गेले. वय सदुसष्ट. आधीच्या काही महिन्यांत त्यांना एकापाठोपाठ स्ट्रोक आले होते.

२०१३ मध्ये सिरियलला पन्नास वर्षं झाली तेव्हा बीबीसीने त्यांच्यावरच ‘अॅन अॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम’ ही फिल्म केली. त्यात हार्टनेल झाले डेव्हिड ब्रॅडली, म्हणजे आपल्या ‘हॅरी पॉटर’मधले फिल्च. वारिस हुसेन यांची भूमिका केली साशा धवन यांनी, आणि गंमत म्हणजे पुढे २०२० मध्ये तेच साशा धवन सिरियलमध्ये ‘मास्टर’ झाले, डॉक्टरच्याच जमातीतला त्याचा कट्टर शत्रू.

‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग आज पूर्ण बघता येत नाही. टेप महाग म्हणून बीबीसीने जुने कार्यक्रम पुसले, फिल्म फेकल्या. वारिस हुसेन यांची ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा अशीच गेली. सिरियलचे साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग हरवलेले आहेत. पण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात त्या चौथ्या भागाचा शेवटचा तुकडा एकदा दाखवला होता, म्हणून तेवढा वाचला. अर्ध्या मिनिटाचाही नाही. यानाच्या जमिनीवर म्हातारा उताणा पडलेला आहे, चेहऱ्यावर प्रकाश वाढत जातो, आणि मग त्याचे केस काळे होतात.